खोऱ्यातल्या ठाण्यावरची पाळी

सांगतो, पण घाई करू नका. मला सावकाशच सांगता येतं.

त्या दुपारी मी एसीच्या जाळ्या धुवायला काढायच्या म्हणून स्विचच्या खोलीत गेलो. मी त्या टेलिफोन खात्यातला झाडूवाला. स्विच म्हणजे भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे, चांगलं कपाटाएवढं यंत्र असतं. गावोगावचं बोलणं, चित्रं, कागद, सगळं त्याच्यातून जातं. खोलीला खिडकी नाही. पंख्यांची घरघर आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास तेवढा कायमचा.

इंजिनियर बाई माझ्याकडे बघेनात.

"काका, बसा जरा. डोंगरावरच्या दवाखान्यात आहे ती तुमचीच मुलगी ना?"

हातातली जाळी मी खाली ठेवली. मुलगी बाळंतपणाला तिथे होती.

"बाळ सुखरूप आहे. पण तिचं रक्त थांबत नाहीये. दरड कोसळून रस्ता बंद झालाय, आपली केबलही तिच्याखालीच गेली. तिथला डॉक्टर नवखा आहे. इथल्या मोठ्या सर्जनना कॅमेऱ्यातून दिसलं, तर ते एकेक टाका सांगतील. पण चित्र यायला वाट हवी."

"दुसरी वाट नाही?"

"आहे. खोऱ्यातल्या आपल्या जुन्या टेलिफोन ठाण्यावरून तार जाते. तिच्यातच नंबर देऊन सर्किट बांधायचं. म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्विचला सांगायचं, या नंबरचं आलं की त्या नंबरावर पुढे सोड. इकडचं टोक मी करीन, तिकडचं दवाखान्यातला कंपाउंडर करील. मधलं मात्र खोऱ्यात बसूनच करावं लागतं. आणि ते ठाणं कधीचं बंद आहे, काका. वीजसुद्धा तोडलीय."

"दोन टोकं तर करून ठेवा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

वायरलेसवर खरखरीतून कंपाउंडरचा आवाज आला. "बाई, मी गोळ्या मोजणारा माणूस. असलं काम माझ्या बापानं केलं नाही!"

"बापाला बोलवायला वेळ नाही. सांगते ते दाबा."

"दाबलं. दिवा लालच आहे. बाई, लवकर करा... तिचे हात गार पडायला लागलेत."

त्याच्या आवाजामागे कोणीतरी बारीक कण्हत होतं. लहानपणी तापात ती तशीच कण्हायची.

दोन्ही टोकं झाली. दिवा लालच; मधली वाट जुळल्याशिवाय तो हिरवा होत नाही. बाईंनी कपाळ टेबलावर टेकवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातला काळा फोन वाजला.

तो फक्त खोऱ्यातल्या ठाण्याशी जोडलेला. ठाणं बंद पडल्यापासून मी त्याच्यावरची धूळ पुसायचो, एवढाच त्याचा उपयोग. बाईंचा हात पुढे होईना. मी उचलला. रिसीव्हरमधून ओल्या, बंद खोलीचा वास आला. वास कसा येईल म्हणाल, पण आला.

"नंबर सांगा..." पलीकडून कोणी पुरुष म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"पाळीवर आहे..."

बाईंनी नंबर पुटपुटले, मी ते फोनवर सांगितले. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला.

"घातले... पण चालू नाही करणार. माझी पाळी कधीच संपलीय हो. बदली येत नाही..."

त्या खात्यात एक रीत होती. बदलीचा माणूस 'जागा घेतली' असं तोंडानं म्हणेपर्यंत आधीच्यानं खुर्ची सोडायची नाही. मध्येच वाट तुटू नये म्हणून.

"बदली येईल. आधी चालू करा, पाया पडतो तुमच्या. माझं लेकरू चाललंय तिकडे."

"सगळे असंच म्हणतात... येणार कोण?"

बाई मान हलवत होत्या. "काका... नका..."

वायरलेसवरचं कण्हणं थांबलं होतं.

"मी," मी म्हणालो. "जागा घेतली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि दिवा हिरवा झाला.

पडद्यावर चित्र उमटलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. सर्जन सांगत होते, तिकडचा डॉक्टर "हो सर, हो सर" करत होता. शेवटी कंपाउंडर ओरडला, "थांबलं हो, रक्त थांबलं!" तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

रस्ता मोकळा झाल्यावर बाई खोऱ्यात जाऊन आल्या. कुलूप गंजलेलं होतं, ते तोडावं लागलं. आत स्विच नव्हताच. केव्हाच काढून नेलेला. एक खुर्ची तेवढी होती. बाईंनी ते सर्किट पुसून टाकलं. सकाळी दिवा पुन्हा हिरवा. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच.

एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, आज विचारतेच." काळा फोन उचलून त्यांनी आमच्या दोघांच्या कानांच्या मधोमध धरला.

"पाळीवर कोण आहे?"

मग सावकाश, दमलेला आवाज आला.

"मी आहे, बाई..."

बाईंनी झटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

"माझी मुलगी वाचली का हो? इथे काही कळत नाही... तेवढं सांगा."

मी फोन हातात घेतला. त्याला ताटकळत कसं ठेवायचं?

"वाचली," मी म्हणालो. "बाळाला कुशीत घेऊन घरी झोपलीय."

पलीकडे तो रडायला लागला. स्वतःचं रडणं माणसाला ओळखू येतं. मी ऐकत राहिलो. हळूहळू तो शांत झाला, त्यानं नाक ओढलं, आणि अगदी अजिजीनं म्हणाला,

"मग आता... बदली पाठवाल ना?"