कडब्याची खिडकी

आमच्या माडीची खिडकी माडीच्याच जमिनीलगत, पायाशी आहे. दूध सोसायटीनं गायी दिल्या त्या वर्षी मी तिचे गज कापले, कारण माडीत कडबा भरायचा आणि पेंढ्या तिथूनच खाली टाकायच्या. खाली सून मुक्ता दोन्ही हात पसरून उभी राहायची. "टाका, मामा!" म्हणायची. एकही पेंढी फरशीवर पडू द्यायची नाही. नात सुंदर माझ्याशेजारी बसून हसायची.

मग दुष्काळ पडला. कडबा संपला, गायी छावणीत गेल्या, मुलगा भारत आणि मुक्ता ऊसतोडीला गेले. रिकाम्या माडीत वारा लागतो म्हणून आम्ही दोघं म्हातारी सुंदरला घेऊन वर राहू लागलो. माझी बायको भिवराबाई पोरीच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधायची. उसाच्या फडात गाडीच्या चाकाला लेकरं बांधतात, तसं. चिंधी खिडकीच्या हातभर अलीकडेच संपायची.

"गज कापताना लई हुशारी सुचली व्हती तुमाला," ती म्हणायची.

"पाऊस पडला की परत कडबा टाकायचाच हाय की."

एका दुपारी भिवराबाई पाण्याच्या टँकरच्या रांगेत गेली होती. सुंदरनं पितळी पेला खिडकीतून भिरकावला. खाली शहाबादी फरशी आहे. मी आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही.

खाली गेलो. पेला पायरीवर सरळ ठेवलेला होता. आतून-बाहेरून ओला. गावात प्यायला पाणी नव्हतं.

कुणा शेजारणीनं झेलला असेल, असं वाटलं. पण गल्लीतली घरं कुलूपबंद होती. सगळी उसाला गेलेली.

"कुनी झेलला गं?"

"खालच्या बाईनं."

"आईवानी हाय का ती?"

सुंदरनं मान हलवली. "न्हाई. आई म्हनती, टाका. ही म्हनती, ये."

तेव्हा माझं लक्ष चिंधीकडे गेलं. ती ताणून दोरीसारखी झाली होती.

मी त्याच दिवशी मोडक्या गाडीच्या बाभळीच्या काठ्या वर आणल्या आणि खिडकीला ठोकू लागलो. भिवराबाई पोरीला पोटाशी धरून बसली. शेवटच्या काठीला हात बाहेर काढून खिळा मारताना हातोडी निसटली.

आम्ही दोघांनी आवाजाची वाट पाहिली.

फरशी वाजली नाही.

"वाकू नका," भिवराबाई म्हणाली.

मी वाकलो नाही. उरलेला खिळा वरवंट्यानं ठोकला.

सकाळी जाग आली तेव्हा काठ्या जागच्या जागी होत्या. चिंधीची गाठही तशीच होती. हातोडी काठ्यांच्या पलीकडे, खिडकीच्या कडेवर होती. स्वच्छ धुतलेली, दांडा आमच्याकडे केलेला.

बाज मात्र खिडकीला जाऊन टेकली होती.

बाजेवर सुंदर गाढ झोपली होती. तिचा एक हात काठ्यांमधून बाहेर लोंबत होता.

मी तो हळूच आत घेतला. तळवा गार होता, आणि ओला.