पिंपळदऱ्याच्या रस्त्याचा नारळ

"पाणी मिळेल का जरा?"

मंजुषानं झेंडूच्या माळेवरून नजर काढली नाही. "कुणाला? गाडीला का तुम्हाला?"

"आधी गाडीला."

"मग मागं हौद हाय. माणसाला लागलं तर हा माठ."

"माणसालाही लागेल... आता."

त्या 'आता'वर मात्र तिनं मान वर केली. बोनेट उघडलेली जीप आणि तिच्या वाफेत उभा असलेला, कपाळावर ऑइलचा डाग घेऊन हसणारा कुंदन. दिसायला बरा होता मेला!

वणीच्या पुढचा हा पिंपळदरा फाटा. देवीच्या गडाच्या चढाआधी तापलेल्या गाड्या इथं हमखास थांबत. तेवढ्यात भाविक मल्हारीतात्याच्या टपरीवर चहा घेत, ओटीचं सामान आणि माळा घेत. आई गेल्यापासून ती टपरी म्हणजे तात्या आणि मंजुषा या बापलेकीचं सगळं घर होतं. साल दोन हजार दोन. पर्यटक वाढावेत म्हणून गडाचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि नाशिकच्या इंदिरानगरातला कुंदन ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणून आला होता.

त्यानंतर ती जीप जरा जास्तच तापू लागली. श्रावणाच्या गार झुळकीतसुद्धा.

"आज पण तापली?"

"आज तर घरूनच तापून निघाली."

"गाडी बदला की मग."

"नको गं... चांगली आहे. योग्य ठिकाणी बंद पडते."

मंजुषा लाजली, आणि लाजलेलं दिसू नये म्हणून उगाच स्टोव्हला पंप मारत बसली. पेला देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते चटकन काढलं नाही.

"रस्ता झाला की लय गाड्या येतील?" तिनं विचारलं.

"दुप्पट."

"तात्या म्हणतात, टपरी वाढवू. पत्रे आणायला गेलेत वणीला."

कुंदननं चहाचा घोट घेतला. "आलं मस्त लागतंय," तो म्हणाला. तिला काही खटकलं नाही. जीव जडला की माणूस आंधळा होतो, दुसरं काय!

पिंपळदऱ्यात एक रीत होती. कामाचा नारळ गावच्या लेकीनं फोडायचा, आणि तिनं फोडला की गाव त्या कामाला आडवं जात नसे. या वेळी कुंदननंच मंजुषाचं नाव सुचवलं. ती हिरवी साडी नेसून आली, तेव्हा शेजारच्या टपरीवाल्या फुलाबाईनं तिला कोपरखळी मारली, "आज रस्त्याचा, उद्या मांडवाचा गं!"

ओढ्यापाशी एका घावात नारळ फुटला. टाळ्या पडल्या. मजूर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ आखत निघाले, आणि मंजुषा कौतुकानं बघत राहिली. रेघ डावीकडं वळली. टेकडीच्या मागं गेली. फाट्याकडं आलीच नाही.

"ही तिकडं कुठं चालली?"

"टेकडीमागून... तिकडून चढ सोपा आहे, मंजुषा. गाड्या तापणार नाहीत."

"आणि फाटा?"

"जुना रस्ता राहील ना. गावापुरता."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्यापासून. पण आखणी माझी नाही गं. सांगितलं असतं तर तू बोलणं टाकलं असतंस... मला तू हवी आहेस. लग्न कर माझ्याशी. तात्यांनाही नेऊ नाशिकला."

हेच ऐकायला तिचे कान किती आसुसले होते! आणि ते असं, फुटक्या नारळापाशी ऐकावं लागलं.

"लेकीनं नारळ फोडला की आमचं गाव आडवं जात नाय, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तात्यांनी... सहज, बोलता बोलता." त्यानं मान खाली घातली.

"म्हणून माझं नाव सुचवलंत?"

तो खाली पडलेली करवंटी उचलू लागला. मंजुषाला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"आधी सांगितलं असतं ना, तर मी रडले असते, तुमच्याशी कडाकडा भांडले असते... आणि तुमच्या मागं आले असते. टपरी जायची ती जाणारच होती. आता नाय येणार."

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात टेकडीमागून गाड्या सुसाट जाऊ लागल्या. फुलाबाईनं टपरी हलवली. तात्याचे नवे पत्रे तसेच उभे राहिले. मंजुषा झेंडू टोपलीत भरून नाशिकला पंचवटीच्या बाजारात नेऊ लागली. तात्याला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यानं सगळा दोष स्वतःच्या तोंडाला दिला असता.

"तो कुंदन बरा पोरगा होता गं," एका सकाळी तात्या म्हणाला. "पुन्हा आला नाय कधी."

"काम झालं ना त्याचं, तात्या."

टोपली डोक्यावर घेऊन ती टेकडीमागच्या नव्या रस्त्याच्या दिशेनं चालू लागली. जुन्या रस्त्यावर आता एस.टी. येत नव्हती.