साठच्या काट्यावरची थरथर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने देवगाव फाट्यावरून सेलूच्या रस्त्याला गाडी काढावी आणि काटा साठवर न्यावा. मग तोंड उघडावं.

वेळ रात्रीची नाही. मे महिना, दुपारचे दोन. आमच्याकडे रस्ते स्मशानासारखे ओस पडतात ते दुपारीच.

फाट्यावर अमृत मिस्त्रीचं गॅरेज. बजरंगची ऑटोमॅटिक गाडी तेल बदलायला आली. जुनं तेल काढलं आणि कळलं, गिअरबॉक्सचं खास तेल परभणीहून यायला दोन दिवस लागणार. बजरंगला घाई. कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा.

"एवढा ट्रॅक्टर ओढतंय, मग हिला काय धाड भरलीय?" म्हणत अमृतने तेच ओतलं.

आठ दिवसांनी बजरंग परत आला.

"मिस्त्री, साठला गाडी थरथरायलीय वो."

अमृत स्वतः चालवायला बसला. साठ... थरथर.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातला क्लच चुकीच्या तेलात धरतो, सुटतो, धरतो, सुटतो. पारख सोपी. वेग तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक जरासा दाबायचा, म्हणजे तो क्लच पुरता सुटतो. थरथर थांबली, तर दोष कन्व्हर्टरचा.

थांबली.

अमृतला सगळं कळलं. तेव्हाच तेल काढून टाकायचं होतं. पण चूक कबूल करायला जीभ लागते.

"रस्ताच तसा हाय, बजरंगभाऊ," तो म्हणाला. "आपल्याकडं खड्ड्यात रस्ता हुडकावा लागतो."

दोघंही हसले.

चौथ्या दिवशी बजरंग कडब्याच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गेला. समोरून ट्रक. ट्रॅक्टरवाला नंतर सांगत होता, "गाडी नुसती थरथरली... अन् ओढलीच न्हाई."

बजरंग जागीच गेला.

लोकांनी रस्त्याला शिव्या घातल्या. अमृतनेही घातल्या.

महिन्याभराने तो भावाची गाडी घेऊन सेलूला निघाला. साधी, हाताने गिअर टाकायची. चाळीस. पन्नास. साठ...

थरथर.

आणि जळक्या तेलाचा वास.

सवयीने डावा पाय ब्रेकवर गेला. जरासा दाबला...

थांबली.

म्हणजे दोष कन्व्हर्टरचा. आणि त्या गाडीत कन्व्हर्टर नव्हताच!

त्या दिवसापासून अमृतने गाडी चालवणं सोडलं. वाटलं, सुटलो.

त्याची पोरगी दीपिका सेलूच्या दवाखान्यात नर्स. स्कूटीवर जाते-येते. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पप्पा, स्कूटी साठला थरथरायलीय."

घास हातातच राहिला.

त्याने स्कूटीचा नट न् नट खोलला. एक दोष सापडला नाही.

"पन्नासच्या वर नेऊ नको, बाई."

आठवड्याने ती म्हणाली, "आता पन्नासलाच."

मग चाळीसला.

मग तिसाला.

तो कस्तुराबाईच्या, बजरंगच्या बायकोच्या पायावर डोकं ठेवून सगळं कबूल करून आला. तिने दार लावून घेतलं.

काल दुपारी स्कूटी अंगणात उभी होती. चावी खुंटीला. इंजिन गार. अमृतने हँडलवर हात ठेवला...

थरथर.

दीपिका डबा घेऊन बाहेर आली. त्याने चावी मुठीत घट्ट धरली.

"आज जाऊ नको. तुझ्या पाया पडतो."

तिने एकेक बोट सोडवून चावी काढून घेतली. बजरंगला अमृत काय बोलला होता, ते तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तरी ती हसली, अगदी अमृत तेव्हा हसला होता तशी.

"रस्ताच तसा हाय, पप्पा."