वाटणी झाली का?

शेजारचं मोबाईलचं दुकान बंद होतं, म्हणून ललित पाटील माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला. नाहीतर कशाला येतोय! पिंप्राळ्यातल्या माझ्या दुकानाची पाटी कुणाला दिसतच नाही. मी खुर्चीवर मांडी घालून भरीत-पुरी खात होते, आणि दारात हा उंच, सावळा माणूस... छातीशी टॉवेलची गुंडाळी धरून.

"बाळ आजारी असेल तर दवाखाना पुढच्या चौकात आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. टॉवेल उलगडला, तर आत हार्ड डिस्क.

"धुळ्याहून आलोय. यातलं सगळं गेलं... बठ्ठं गये."

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला हा, धुळ्यात शाळेत विज्ञान शिकवायचा. शाळेत डिस्क जोडली, कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं आणि सोबतच्या कुंदन सरांनी न वाचताच 'हो' दाबलं.

"न वाचता हो म्हणणाऱ्यांच्या जिवावरच माझं पोट चालतं," मी म्हणाले. "काय होतं यात?"

"विहिरी."

पुरी हातातच राहिली.

चार वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गावातल्या अकरा विहिरींत तो खडा टाकायचा आणि पडल्याचा आवाज रेकॉर्ड करायचा. चार वर्षांपूर्वी, विहिरींचं पाणी वाढावं म्हणून, गावाने श्रमदानाने नाला अडवला होता. आता काहीजण म्हणत होते, काही फरक पडला नाही, बोअर पाडू. बोअर झाली की विहिरी आटणार, हे त्याला कळत होतं. येत्या रविवारी ग्रामसभा होती.

"पाणी कुठवर होतं ते लोक विसरले हो," तो म्हणाला. "मला त्यांना ऐकवायचंय."

काय सांगू, असं कुणी बोललं नव्हतं कधी माझ्या दुकानात. इथे लोक येतात ते लग्नाच्या फोटोंसाठी रडत.

"हे बघा," मी म्हणाले, "डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यात लिहिलेलं. तो पुसला गेलाय. पण सातबारा हरवला म्हणून शेत कुठे उडून जातं का? बांध शोधावे लागतील, बस."

"म्हणजे... आत आहे सगळं?"

"असावं."

त्याने त्या डिस्ककडे अशा काही नजरेने पाहिलं की मलाच हात जोडावेसे वाटले. मग तीच नजर माझ्याकडे वळली, आणि मी उगाच स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागले.

आधी मी डिस्कची हुबेहूब नक्कल केली. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, हा माझा नियम. दुसऱ्या दिवशी त्याला घाईत फोन केला.

"वाटणी झालेली होती का?"

पलीकडून हळू आवाजात, "नाही... सगळं एकत्रच आहे."

"नक्की?"

"नक्की. पुढेही करायचा विचार नाही." आणि लगेच, "अजून काही विचारायचं असेल तर... विचारा ना."

"नको, एवढं पुरे."

किती लाजाळू आवाज! डिस्कबद्दल कुणी एवढं लाजतं?

शनिवारी दुपारी तो आला तो नवा शर्ट घालून, केस कापून. आणि माझ्याकडे सांगायला काय, तर अपयश. डिस्क अखंड धरून शोधलं, तर हाती लागले त्याचे कॉलेजातले जुने फोटो. विहीर एकही नाही.

"पण विहिरी दुसऱ्या भागात होत्या," तो गोंधळून म्हणाला. "मी नंतर दोन भाग केले होते ना डिस्कचे."

"दोन भाग? अहो, मग वाटणी नाही असं का सांगितलंत!"

"ते... शेताचं सांगितलं. मोठ्या भावाचं आणि माझं."

"मी शेताचं कशाला विचारीन?"

त्याचे कान लालबुंद झाले. "आमच्याकडे मुलीकडचे हेच विचारतात."

"माय वं! म्हणजे तुम्हाला वाटलं मी स्थळाची चौकशी करतेय? डायरेक्ट? फोनवर?"

"...हो."

"आणि तरी उत्तर दिलंत?"

"तरी नाही," तो म्हणाला. "म्हणूनच दिलं."

मी, जी गिऱ्हाइकाला एक शब्द जास्त बोलू देत नाही, ती बोदवडची रूपाली, मुकाट्याने स्क्रीनकडे वळले. दोन भाग धरून पुन्हा शोध घेतला. तासाभराने दुसऱ्या भागाची सुरुवात सापडली, मग शेवट. तक्ता नव्याने लिहायचा का, असं मशीनने विचारलं.

"आधी वाचा," तो पुटपुटला.

"वाचलंय हो!"

दाबलं... आणि एकामागून एक नावं उमटत गेली. गढीची विहीर. बेबाबाईची विहीर. पांढरीची विहीर. चार वर्षांचे सगळे महिने.

मी बेबाबाईच्या विहिरीचा पहिल्या वर्षीचा मे लावला. शांतता... खूप वेळ शांतता... मग 'ठण्'. कोरडा खडक. दुसऱ्या वर्षी तेवढ्याच थांबण्यानंतर बारीकसा चिखलाचा आवाज. तिसऱ्या वर्षी पाणी. आणि यंदाच्या मेमध्ये खडा सुटला न सुटला तोच, 'डुबुक!'

जमिनीखालचं पाणी वर चढत आलं होतं, आणि आम्ही दोघं पिंप्राळ्यात बसून ते ऐकत होतो. ललितच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही, खोटं कशाला बोलू.

"उद्या याल?" त्याने विचारलं.

"स्पीकर बिघडला तर कुणीतरी हवंच," मी म्हणाले.

स्पीकर काही बिघडला नाही. त्याच्या गावी मारुतीच्या देवळासमोर अख्खं गाव बसलं होतं. चौथ्या वर्षीचा 'डुबुक' आला तेव्हा बोअर पाडू म्हणणाऱ्यांतल्या तोताराम आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग हात वर झाले, बोअर नको म्हणून, एकेक करत जवळजवळ सगळे.

तेवढ्यात बायकांमधून ललितची आई, सुमनबाई, पुढे आली. मला नखशिखान्त न्याहाळत तिने लेकाला विचारलं, "ललित, ही पोर कोन शे रे?"

ललित नुसता हातात माईक धरून उभा. चार वर्षं विहिरींशी बोलला, पण आईसमोर वाचा बसली! हा आता 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणाला, तर संपलंच सगळं.

मग मीच बोलले. त्याच्या भाषेत, जमेल तसं.

"अक्का, मी तुमनी व्हनारी सून शे."

माईक चालूच होता. पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

बायका अशा हसल्या की देवळावरची कबुतरं उडाली. ललित माझ्याकडे बघतच राहिला. सुमनबाई मात्र हसली नाही. तिने माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली,

"मंग उभी कशाले? घर चाल, माय."