वाळू जिथे थांबते

गुरुवारी दुपारी बाबांनी नव्या ढोलावर चिमूटभर वाळू पसरली, ठोका दिला आणि विचारलं, "सूर लागला?"

"लागला," ती म्हणाली. पर्स खांद्याला अडकवून झाली होती. तिला बस गाठायची होती.

"नीट ऐक गं. घोड्यावर बसून आलीस का?"

"ऐकलं, बाबा. अगदी सुरात आहे."

दारातून आत्या म्हणाली, "बाप लेकीला विचारतोय, लेक घड्याळाला!" बाबा हसले. त्यांना आत्याचे ओठ दिसत होते, म्हणून हसले. कान जाऊन दोन वर्षं झाली होती.

ढोल सुरात नव्हता.

ताणलेल्या कातड्यातून आपसूक सूर निघत नाही. त्याचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने थरथरतो आणि नुसता धबाका ऐकू येतो. मधोमध बसवलेल्या जड लेपाचं वजन नेमकं जमलं, तरच त्या सगळ्या थरथरी एकमेकींशी जुळतात. कान गेल्यापासून बाबा हे बोटांनी आणि वाळूने पारखत. कातडं हलतं तिथून वाळू पळते, स्थिर असतं तिथे गोळा होते. त्या रेषा त्यांना वाचता यायच्या. पण रेषा जवळपास बरोबर आल्या म्हणून सूर जवळपास लागत नाही.

पहिल्यांदा ती "नाही" म्हणाली, तेव्हा बाबा दिवसभर कशालाच हात न लावता बसून राहिले होते. तेव्हापासून ती "लागला" म्हणायची आणि बाबा जेवून आडवे झाले की लेप हलकेच घासून सूर जुळवायची. ढोल जायचे, वादकांची शाबासकी यायची. बाबा बोटांकडे बघत म्हणायचे, "कान गेले तर गेले."

त्या गुरुवारी तिला घासायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळी आत्याला बाबा स्टुलावर सापडले, डोकं कामाच्या टेबलावर टेकलेलं, अंग गार पडलेलं.

महिन्याने तिने कारखाना उघडला, कारण वादकाला तो गुरुवारचा ढोल हवाच होता. भर सकाळ होती. खिडकीतून टेबलावर ऊन पडलं होतं. तिने लेप घासला, वाळू पसरली आणि ठोका दिला.

रेषा आल्या. शिवाय कडेजवळ, कातडं हलायला हवं तिथे, वाळूचे पाच लहान ढीग जमले. चार कमानीत, पाचवा जरा बाजूला.

कातड्यात गाठ असेल, असं वाटून तिने हात फिरवला. कातडं गुळगुळीत होतं.

तिने वाळू पुसली, ढोल पाव फेरा फिरवला आणि पुन्हा ठोका दिला.

ढीग ढोलाबरोबर फिरले नाहीत. ते बाबांच्या रिकाम्या स्टुलाच्या बाजूलाच जमले.

ती घासत राहिली. अकराच्या सुमाराला सूर लागला, स्वच्छ लागला, आणि कुणी पंजा टेकवावा तसा लगेच विझला.

"लागला, बाबा," ती सवयीने म्हणाली.

तिने पुन्हा ठोका दिला. पाच ढीग होतेच.

ती वाकली. तोंड कातड्याच्या अगदी जवळ नेलं.

"गुरुवारी लागला नव्हता."

तिच्या शब्दांनी वाळू थरथरली. पाच जागा सोडून.

"त्याच्या आधीचाही नाही. तुम्ही झोपलात की मी घासायचे."

त्या पाच जागी कातडं किंचित खाली दबलं. बोलणं नीट कळलं नाही, की बाबा बोटं अशीच दाबत.

तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दोन वर्षांत एकही लागला नव्हता, बाबा."