ओकावांगोची चौथी खाट

संग्रामने आईला विचारलंच नाही. आईच्या सावलीला विचारलं आणि ती नको म्हणाल्यावर स्वतःचं, बायकोचं आणि पोराचं अशी तीनच तिकिटं काढली. शालनबाई मान्यांची तक्रार एवढीच होती, पण सकाळपासून ती दूधवाल्याला, शेजारच्या वहिनींना आणि गोळ्या घेऊन आलेल्या ड्रोनलाही ऐकवून झाली होती. ड्रोनने मुकाट ऐकून घेतलं, म्हणून तो त्यांना मुलापेक्षा बरा वाटला.

सावली ही आता कऱ्हाडातही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. घरातला बोलका सहायक वर्षानुवर्षं माणसाचं बोलणं ऐकतो, त्याच्या आवडी, कुरकुरी, सवयी टिपतो आणि त्यातून त्याची बोलती प्रतिकृती उभी करतो. सहल आखायची झाली की प्रवास कंपनी घरातल्या सगळ्यांच्या सावल्यांची बैठक बसवते. माणसं आपापल्या कामाला जातात, भांडायचं ते सावल्या भांडून घेतात.

मान्यांच्या सावल्यांनी आफ्रिकेच्या सहलीसाठी ऑगस्ट ठरवला. तेव्हा तिकडे कोरडा ऋतू, रान वाळलेलं, म्हणून जनावरं पाण्याकडे येतात. ओकावांगोच्या पाण्यात मोकोरो नावाच्या अरुंद होड्या, मग चोबे नदीवरचे हत्ती, शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. आतल्या प्रवासाला छोटी विमानं, त्यात कडक बॅग चालत नाही, म्हणून मऊ पिशव्या. ओकावांगोच्या काठावरच्या तंबूत चार खाटा होत्या. चौथी आज संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेली होती, मग ती परक्या कुणाला जाणार होती.

शालनबाईंनी हा मुलूख पाहिलेला होता, टीव्हीवर. त्यांच्या खानावळीत प्राण्यांचंच चॅनेल चालायचं. क्रिकेट लावलं की गिऱ्हाइकं भांडायची, बातम्या लावल्या की जास्त भांडायची. टीव्हीचा आवाज मात्र बंद. तिसरीत शाळा सुटलेल्या शालनबाईंनी भाकरी थापता थापता स्वतःच पाहून ठेवलं होतं, की हत्तिणींच्या कळपात पुढे म्हातारी चालते आणि ती थांबली की सगळे थांबतात. तो कळप एकदा डोळ्यांसमोर यावा, एवढीच इच्छा होती. बोलल्या मात्र नाहीत. मागून घेणं त्यांना कधी जमलं नाही.

संग्राम कामावरून आला तेव्हा त्या सून मृणालबरोबर स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"काय म्हणाली ती माझी सावली? ऐकव."

"आई, आता कशाला? जागा..."

"ऐकव म्हणते ना."

भिंतीवरच्या पडद्यातून शालनबाईंचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, अगदी त्यांचाच. "मला नको रे. तुम्ही जाऊन या. माझे गुडघे काही खरे नाहीत."

"आवाज माझाच आहे," शालनबाई म्हणाल्या. "गुडघेही माझेच. आता मी बोलते हिच्याशी."

"तिचं उत्तर येऊन गेलंय," संग्राम म्हणाला.

"तुला आलं असेल." त्या पडद्याकडे वळल्या. "का गं, चल की. सगळी निघालीत."

"नको म्हटलं ना," सावली म्हणाली. "पोरांच्यात म्हातारी कशाला? त्यांचा खोळंबा."

"कसला खोळंबा? जीपमध्ये तर बसून राहायचं."

"आणि तिथं भाकरी कोण थापणार?"

शालनबाईंनी सुनेकडे पाहिलं. "भाकरीचं विचारलं, म्हणजे निम्मी आली." मृणालला हसू आलं, ते तिने ओढणीत दाबलं.

"पीठ बरोबर घेऊ," शालनबाई पडद्याला म्हणाल्या. "आणि ऐक, तुझ्यावाचून पोरांना गोड लागायचं नाही. चल."



"बरं, एवढं म्हणताय तर येते. पण कडेची जागा मला," सावली म्हणाली.

मग संग्राम म्हणाला, "यंत्र एकदाच विचारतं, आई. नको म्हणजे नको, असा नियमच आहे त्यात. कुणावर जबरदस्ती नको म्हणून."

"नियम चांगला आहे. परक्या माणसाला तसंच विचारावं."

मृणालने पडद्यावरची बैठक मागे नेली. आईंच्या नकाराखाली एक ओळ होती, ती तिने हळू आवाजात वाचली. "या व्यक्तीच्या बोलण्यात पहिला नकार बहुधा अंतिम नसतो. पुन्हा विचारू का?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "खाली 'गरज नाही' असं आहे. ते तुम्ही दाबलंत?"

"घाई होती," संग्राम म्हणाला. "आणि ती नको म्हणाली, तर मला वाटलं, खरंच नको असेल." थोडं थांबून तो म्हणाला, "बरंही वाटलं. तिकडे व्हीलचेअर, डॉक्टर, सगळं बघावं लागलं असतं."

खरं बोलला, हे शालनबाईंच्या लक्षात आलं. खानावळीत त्यांनी हजारो माणसं जेवू घातली होती. पहिलं 'पुरे' त्या कानावर घेत नसत. माणूस ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढत राहायचं, आणि आडवा हात दिसला की कितीही जवळचा असो, थांबायचं. हे संग्राम लहानपणापासून पाहत आला होता. वाढायलाही तोच असायचा.

बाहेर उजेड उतरत चालला होता. पडद्याच्या कोपऱ्यात चौथी खाट अजून हिरवी दिसत होती.

"सावलीत काही खोट नाही," शालनबाई मुलाला म्हणाल्या. "तिने माझं ऐकलं आणि माझं कळलंही तिला. तुला सांगत होती, तर तू तिलाच गप्प केलंस. माझं ओझं वाटत असेल तर तसं तोंडावर सांग, मी घरी राहीन, वर तुमच्या पिशव्या भरून देईन. पण माझ्या नकाराच्या आड लपू नकोस. आता मला विचार, तिला नाही. मी नको म्हणणार आहे. तेव्हा नीट बघ संग्राम, माझा हात ताटावर आडवा दिसतो का तुला?"