डाव्या हाताची भिंत

उत्पला दुपारची झोपली की प्रियंका ओढणी कमरेला खोचायची, खरवडायची पट्टी हातात घ्यायची आणि आपल्या घरात शिरायची. तशी ती घरातच असे. पण लेक जागी असेपर्यंत ते लेकीचं घर, ती झोपली की प्रियंकाचं.

बाभुळगावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी हे घर घेतलं होतं. मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब, वर कवेलूंचं छप्पर. कितीतरी वर्षं बंद पडलेलं. विकणाऱ्यानं नुसत्या जागेचा भाव लावला, घराचा लावलाच नाही. जो तो म्हणे, पाडा आणि स्लॅब टाका. तिचा नवरा अश्वजितही आधी तेच म्हणाला. तो कृषी सहायक, दिवसभर गावोगाव फिरायचा. संध्याकाळी मोटारसायकल लावली की आधी वाकड्या खांबाकडे बघायचा, मग बायकोकडे.

"लोक जुन्यातून निंघून राह्यले, अन् तू मले जुन्यात घेऊन चालली."

"तुम्ही फक्त बंगईच्या कड्या शोधून आणा. एकदा झोक्यावर बसले की उठसान नाही."

हे वेड तिला लहानपणापासूनचं. घाटंजीजवळच्या खेड्यात त्यांची एकच खोली. पण त्या एका खोलीत प्रियंकानं किती घरं मांडली असतील! माय, म्हणजे तिची आई नलूबाई, निंदणाहून परत यायची तेव्हा रोज काहीतरी हललेलं असायचं.

"आज पेटी कुठं गेली व फिराले?" माय दारातूनच विचारायची. रागवायची मात्र नाही. हातपाय धुवायची, पेटीच्या नव्या जागी जाऊन बसायची, इकडेतिकडे बघायची. "हवा येते इथं. राहू दे."

आणि वर्षातून एकदा पांढऱ्या मातीनं भिंती सारवायच्या. माय डावखुरी. तिच्या हाताच्या कमानी डावीकडे झुकलेल्या, एकीवर एक चढलेल्या. कडबा कापायच्या यंत्रात तिची डावी करंगळी अर्धी गेली होती. म्हणून प्रत्येक कमानीत तीन रेघा लांब आणि चौथी आखूड. वर, छताच्या आडव्या पाटईखाली, तिचा हात पुरत नसे. मग ती प्रियंकाला दोन्ही हातांनी उचलून धरायची. "खालचं माह्यं, वरचं तुह्यं."

पुढे प्रियंकानं अमरावतीला इंटिरियरचा कोर्स केला, लोकांची स्वयंपाकघरं आखून दिली, पण घर म्हटलं की डोळ्यांपुढे त्या कमानीच यायच्या. उत्पलाच्या जन्माच्या थोडं आधी माय गेली. बाभुळगाव तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

उत्पला आता दीड वर्षाची. जन्मताना खांद्यापाशी नस ताणली गेली आणि तिचा डावा हात लोंबता राहिला. 'कडेवर घे' म्हणून ती एकच हात वर करी, उजवा. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम चालू ठेवा. हिवाळ्यापर्यंत हात स्वतःहून उचलला नाही, तर नागपूरला ऑपरेशन. आणि त्याचीही खात्री नाही. प्रियंका तेल लावून तो मऊ, ढिला हात वर नेई, खाली आणी. धरलेला असेपर्यंत हात वर. सोडला की पडलाच.

त्या दुपारी ती आतल्या खोलीची भिंत खरवडत होती. हीच उत्पलाची खोली करायची असं ठरलं होतं. वरचा हिरवा ऑइलपेंट निघाला, त्याखालचा निळा निघाला, त्याखाली पिवळा चुना. आणि चुन्याखाली पांढरी माती. मातीवर कमानी.

डावीकडे झुकलेल्या.

तिला हसू आलं. असेल कुणी डावखुरी. तिनं बोटानं धूळ पुसली. तीन रेघा लांब. चौथी आखूड.

शेजारच्या विमलताई कुंपणापलीकडे मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. प्रियंकानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, हे घर आधी कोण सारवायचं?"

"सारवाचं? अव माय, मी लगन होऊन आली तवापासून तिथं ऑइलपेंटच पाहून राह्यली. मोठे लोक होते ते. काहून व?"

"काही नाही. असंच."

रंगाला रामसिंग होता, तांड्यावरचा, हाताइतकंच तोंडही चालवणारा. त्यानं घोडीवर उभं राहून पुट्टी भरली, प्रायमर मारला, प्रियंकानं निवडलेला फिका जांभळट रंग दोनदा चढवला. भिंत तुकतुकीत झाली. तीन-चार दिवसांनी त्याच तुकतुकीत रंगावर पुन्हा कमानी उमटल्या.

"ओल आहे ताई. मातीची भिंत, पानी खेचते. म्हनून म्हनत होतो, टेक्सचर मारू. सब झाकून जाते."

"ओल अशी गोल गोल येते का, रामसिंगभाऊ?"

रामसिंगनं डोकं खाजवलं. "आमच्या हाती तं अजून नाही आली."

त्यानं पुन्हा रंग दिला. कमानी पुन्हा आल्या. या वेळी जरा पुढे सरकलेल्या, जिथं उत्पलाची गादी टाकायची त्या कोपऱ्याकडे. काम रोजच्या रोज थोडं थोडं करावं, तशा.

अश्वजितनं एका संध्याकाळी भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. त्यानं वास घेतला. घरात कालवलेली पांढरी माती नव्हती. होते ते प्लास्टिकच्या रंगाचे डबे. ओल्या मातीचा तो वास मात्र प्रियंकाला दारात उभ्या उभ्या आला.

"हे ताजं आहे," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "प्रियंका, उत्पलाले या खोलीत नको ठेवू."

"मायच्या हातासारखं आहे ते."

"म्हणूनच म्हणून राह्यलो."

त्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली. पण लेकरू कडीला जुमानतं थोडंच! उत्पला दुडकत जाऊन त्या दारापुढे बसायची. हट्ट नाही, रडणं नाही. नुसती बसायची, ऐकत असल्यासारखी मान कलती करून. मधेच खुदकन हसायची.

हिवाळा तोंडावर आला. नागपूरच्या दवाखान्याचा नंबर अश्वजितनं मोबाइलमध्ये घेऊन ठेवला.

अशाच एका दुपारी गल्लीत टाइल्सची गाडी आली. प्रियंका फाटकापाशी गेली. गाडीवाल्याला पेट्या कुठं उतरवायच्या ते दाखवलं, दोन फुटलेल्या परत केल्या, आणि आत वळली.

खोलीची कडी निघालेली होती.

ओसरीतल्या गादीवर झोपवलेली उत्पला तिथं नव्हती.

मातीचा वास थेट ओसरीपर्यंत आला होता.

प्रियंका धावली नाही. का कोण जाणे, पण तिला पाय हळूच टाकावेसे वाटले. माय सारवत असताना लहानपणी ती ओल्या जमिनीवरून टाकायची, तसे.

उत्पला भिंतीशी उभी होती. पाठमोरी. भिंत ओली होती.

भिंतीवरून एक छोटा हात फिरत होता. डावीकडून वर, गोल, खाली. पुन्हा डावीकडून वर. मनगटापर्यंत पांढरा झालेला.

तो डावा हात होता.

प्रियंका उंबऱ्यावरच बसली आणि तोंडावर ओढणी दाबून धरली. लेकीनं वळून पाहिलं, हसली, दुडकत आली आणि तो पांढरा पंजा आईच्या गालाला लावला. थंड. नखांत माती.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हात पुन्हा पुन्हा उचलायला लावला. खेळणं डावीकडे धरलं, उंच धरलं. मग खुर्चीला पाठ टेकली. "ऑपरेशनचं सध्या राहू द्या. काय व्यायाम करता घरी?"

"सारवतो," प्रियंका म्हणाली. डॉक्टर हसले. अश्वजित हसला नाही. पण घरी आल्यावर त्यानं दाराची कडी पाना लावून काढूनच टाकली.

ती भिंत तिनं तशीच ठेवली. भोवती सागवानी पट्टीची चौकट मारली, कोपऱ्यात मंद दिवा दिला, समोर बंगई टांगली. रोज थोडी थोडी कमानींनी भरत भरत भिंत पूर्ण झाली. बघायला येणारा जो तो म्हणे, कुणाकडून करून घेतलं?

घर सजून झालं तसा रामसिंग उरलेले ब्रश न्यायला आला. भिंतीपुढे उभा राहून मान मागे टाकून बघत बसला.

"खालचं समजलं ताई. खालचं मोठ्या हाताचं आहे, बाईमानसाचं. पन हे वरचं? पाटईखालचं? हे तं लेकराचं वाटते. एवढाल्या पोरीले घोडीवर चढवलं का काय तुम्ही?"

"घोडी तर तुम्ही कधीचीच घेऊन गेले, रामसिंगभाऊ."

"हाव, ते बी आहेच," तो म्हणाला, आणि ब्रश तसेच ठेवून बाहेर गेला.

प्रियंकानं वर पाहिलं. खालच्या कमानींत चौथी रेघ आखूड होती. पाटईखाली, तिचा स्वतःचा हातही पुरला नसता तिथं, इवल्या इवल्या कमानींची ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डावीकडे झुकलेली. चारही रेघा पूर्ण.

उत्पला दुडकत आली आणि भिंतीपुढे थांबली. तिनं 'कडेवर घे' म्हणून हात वर केले. दोन्ही.

आई मागे उभी होती. लेकीचं तोंड भिंतीकडे होतं.

प्रियंका पुढे झाली नाही. बंगईची कडी तिनं हातानं धरली, म्हणजे आवाज होणार नाही, आणि तशीच थांबली.

उत्पलाच्या टाचा हलकेच फरशीवरून सुटल्या, मग पायांची बोटंही.